समकक्ष विषय

खिडकी नंबर चार, साडेदहा ते एक.
सत्तावीस वर्षं मी मार्कांचे उतारे
लिफाफ्यात घालतो, गोंद लावतो,
जोडावर सही, सहीवर शिक्का,
निम्मा झाकणावर, निम्मा पाठीवर,
वाटेत कुणी उघडलं तर कळावं म्हणून.

माझा पासपोर्ट नाही.
पण मेलबर्नचा पिनकोड मला पाठ आहे,
आणि टोरांटोच्या पाकिटाला किती तिकिटं लागायची
ते रमणभाई अजून मलाच विचारतो.
गेलेल्या लिफाफ्यांमागून माणसंही गेली.
खिडकीवर परत फारसं कुणी आलं नाही.

शर्वाणी जगदाळे आली.
भूगोल, तिसरं वर्ष. एक सत्र बाहेर काढून.
तिच्या वडिलांनी एफडी मोडली होती,
दांडिया बाजारात हे सगळ्यांना माहीत.
मी म्हटलं, काय गं, कसं होतं ग्रोनिंगन?
ती हसली. काका, ख्रोनिंगन.
तिकडे ग ला ख म्हणतात.
म्हणजे इतकी वर्षं मी पत्ता बरोबर लिहीत होतो
आणि नाव चुकीचं घेत होतो.

फॉर्ममध्ये तीन रकाने असतात:
तिकडचा विषय. मिळालेले गुण. येथील समकक्ष विषय.
पहिल्यात तिने लिहिलं होतं: नदी आणि शेजार.
दुसऱ्यात दहापैकी साडेसात.
तिसरा कोरा.

साडेसात? मी चष्मा वर केला. तू तर पहिली यायचीस.
पहिल्या निबंधाला साडेपाच होते, ती म्हणाली.
कपडे धुवायच्या खोलीत, मशीन फिरत असताना, रडले मी.
बाईंनी खाली पेन्सिलीने लिहिलं होतं,
हे सगळं पुस्तकात आहे. तू काय पाहिलंस?

मग तिने त्यांना विश्वामित्रीबद्दल सांगितलं,
भर शहरातून वाहते, आणि तिच्यात मगरी आहेत.
वर्ग एकदम जागा झाला.
किती मगरी? काठावर कोण राहतं?
पूर आला की आधी कोण हलतं, माणसं का मगरी?
तीन वर्षं रोज पुलावरून स्कूटी नेली, काका,
आणि मला एकही उत्तर येत नव्हतं.

अजून काय काय सांगत राहिली.
स्वयंपाकघर सहा जणांत एक.
शेव-उसळ केली तर घानाचा मुलगा म्हणाला,
हे आमच्याकडचंच, फक्त तुम्ही वर शेव टाकता.
हिने कुणाला तरी सांगितलं, माझी भाषा कच्ची आहे.
पोलंडच्या मुलीने बोटं मोडली:
घरी एक, रस्त्यावर एक, टीव्हीवर एक, आमच्याशी ही.
चार झाल्या. कच्ची कुठली?

मागे रांग वाढली. कुणीतरी घसा खाकरला.
मी अभ्यासक्रमाची जाडी वही काढली,
भू-१०१ पासून भू-३१२ पर्यंत बोट फिरवलं.
नदीखोरे आहे. लोकसंख्या आहे.
शेजार नाही.

कोड नसेल तर क्रेडिट मिळत नाही, मी म्हटलं.
नियम मी केलेला नाही, पण सांगायला मीच बसतो.
ती म्हणाली, मग एक सत्र जास्त करीन.
नाहीतरी वेळ हवाच आहे. रविवारी मोजणी करते,
काठावरच्या वस्तीतल्या बायका मदत करतात,
त्यांना प्रत्येक मगर वेगळी ओळखता येते.
त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

एक वाजता खिडकी लावली.
रमणभाई म्हणाला, केम साहेब, चा?
मी म्हटलं, आलोच,
आणि डबा टेबलावर ठेवून पुलापर्यंत चालत गेलो.
खाली गाळात एक ओंडका पडलेला,
हाच, बहुतेक गेल्या आठवड्यातही असणार.
बराच वेळ बघत होतो.
ओंडक्याने तोंड उघडलं.

फॉर्म अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
तिसरा रकाना मी पेन्सिलीने भरलाय,
वर पाठवायची हिंमत होईल तेव्हा
शाईने गिरवीन.